फ्लॅट विकताना सर्च रिपोर्ट पुन्हा पुन्हा अडतोय? आधी विचारा, कुठल्या वर्षावर अडलाय

गिऱ्हाईक ठरलं, संचकार, म्हणजे विसाराची रक्कम, हातात आला, झेरॉक्सचा गठ्ठा घेणाऱ्यांच्या बँकेत गेला आणि त्यानंतर सात आठवडे एकच उत्तर मिळत राहिलं, "सर्च चालू आहे." सर्च म्हणजे बँकेच्या वकिलांनी मिळकतीच्या जुन्या नोंदी तपासणं, आणि त्याचा अहवाल आल्याशिवाय बँकेचं कर्ज पुढे सरकत नाही. शेवटी घेणाऱ्यांच्या कर्जमंजुरीची मुदत संपली. त्यांनी दुसरीकडे फ्लॅट बघितला आणि आम्ही त्यांचा संचकार परत केला. तीन महिन्यांनी दुसरं गिऱ्हाईक आलं. बँक वेगळी, वकील वेगळे. पाचव्या आठवड्यात पुन्हा तेच वाक्य कानावर आलं.

फ्लॅट वडिलांचा. कोल्हापुरात सानेगुरुजी वसाहतीच्या बाजूला, १९९६ सालची इमारत, १९९७ चं खरेदीपत्र. वडील गेल्यावर आई, भाऊ आणि मी असे तिघे वारस. भाऊ पुण्यात, त्यामुळे खेटे घालायचं काम माझ्याकडे. आई रोज संध्याकाळी विचारायची, "काय म्हणाले गं?" आणि माझ्याकडे सांगायला काही नसायचं. दुसऱ्या वेळेला मी ठरवलं, आता फोनवर "झालं का?" विचारायचं नाही. वकीलसाहेबांच्या ऑफिसात जाऊन बसले आणि म्हटलं, "साहेब, नेमकं कुठल्या वर्षावर अडलंय?"

त्यांनी फाइल उघडली, पानं चाळली आणि म्हणाले, "ताई, सत्त्याण्णवच्या आधीचं काही सापडतच नाही. आणि त्याच साली तुमच्या वडिलांच्या नावावर एक गहाणखत दिसतंय. त्याचं पुढं काय झालं ते कुठं नाही."

इतके आठवडे ज्याची वाट बघत होतो ते एवढंच होतं. यातली एकही गोष्ट त्यांच्या हातात नव्हती, दोन्ही कागद आम्हीच आणून द्यायला हवे होते. पण कुणी मागितले नाहीत आणि आम्हीही विचारलं नाही. त्यानंतर ओळखीतल्या तीन-चार जणांची अशीच अडलेली प्रकरणं जवळून बघितली. प्रत्येक ठिकाणी "सर्च चालू आहे" या वाक्यामागे एखादा ठरावीक हरवलेला दुवा होता. तो दुवा ओळखायचा कसा आणि जोडायचा कसा, हे इथे लिहितेय.

आधी बघा, सर्च सुरू तरी झालाय का

बँकेच्या पॅनेलवरचे वकील साधारण मागच्या तीस वर्षांच्या नोंदी बघतात. दुय्यम निबंधक कार्यालयात त्यासाठी शोध फी भरावी लागते. ती ग्रास या सरकारी ऑनलाइन भरणा प्रणालीवरून चलनाने भरतात आणि त्या चलनाचा किंवा पावतीचा नंबर पुढे अहवालात येतो. म्हणून पहिला प्रश्न हा विचारा, "शोध फीचं चलन कधीचं आहे?" चलन निघालेलंच नसेल तर फाइल अजून बँकेच्या टेबलावर आहे किंवा वकिलांच्या ऑफिसात गठ्ठ्यात आहे. मग तुमचा पाठपुरावा बँकेच्या कर्ज विभागाकडे हवा, आणि तो घेणाऱ्याने करायला हवा, कारण बँकेचा ग्राहक तो आहे. विकणाऱ्याने फोन केला तर बँक दाद देत नाही, आणि त्यात बँकेची चूक नाही.

चलन निघून दोन आठवडे होऊन गेले असतील तर मात्र समजा की काहीतरी सापडत नाहीये. तेव्हा वर्ष विचारा.

नंबर जुळत नाही : कोल्हापुरातलं सगळ्यात मोठं कारण

आपल्याकडे एकाच जमिनीला तीन-तीन नावं असतात. जुन्या दस्तात रि.स.नं., म्हणजे रिव्हिजन सर्व्हे नंबर, आणि त्यापुढे 'पैकी प्लॉट नंबर अमुक'. नंतर सिटी सर्व्हे झाला की सि.स.नं. आला. शहराबाहेर पाचगाव, उचगाव, कळंबा अशा गावांत एकत्रीकरणानंतर गट नंबर आले. जमीन तीच, पण नोंदणीच्या वहीत ती त्या त्या वेळच्या नंबराखाली बसलेली असते.

सि.स.नं.ची आणखी एक गोम आहे. कोल्हापूर शहर ए, बी, सी, डी, ई अशा वॉर्डांत विभागलेलं आहे आणि वॉर्डाशिवाय सि.स.नं. म्हणजे अर्धाच पत्ता. राजारामपुरी, शाहूपुरी, ताराबाई पार्क हा सगळा ई वॉर्ड. झेरॉक्सवर वॉर्डाचं अक्षर पुसट आलं आणि टायपिस्टने अंदाजाने दुसरं टाकलं तर शोध भलत्याच मिळकतीचा होतो. गावाच्या नावाचंही तसंच. आमच्या एका दस्तात 'कसबा करवीर' होतं, दुसऱ्यात नुसतं 'कोल्हापूर शहर'.

आमचं नेमकं हेच झालं होतं. आम्ही बँकेला मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) दिली होती, तिच्यावर सि.स.नं. होता. वकिलांनी तोच नंबर धरून शोध घेतला. पण १९९७ चं खरेदीपत्र आणि त्याआधीचा जमीनमालक व बिल्डर यांच्यातला विकसन करार, हे दोन्ही रि.स.नं.वर झालेले. खरेदीपत्राची प्रत हातात होती म्हणून ते सापडलं. मागचं काहीच सापडेना.

यावर कागद एकच, नगर भूमापन कार्यालयातला चौकशी नोंदवहीचा उतारा. सिटी सर्व्हे करताना कुठल्या जुन्या नंबराला कुठला नवा नंबर दिला, त्या वेळी धारक कोण होता, हे त्यात असतं. अर्ज करून नक्कल मिळते. गट नंबराच्या बाबतीत तलाठी किंवा भूमी अभिलेख कार्यालयाकडून एकत्रीकरण योजनेचा उतारा घ्या, त्यात जुना सर्व्हे नंबर आणि नवा गट नंबर शेजारी शेजारी असतात. हा एक कागद फाइलला लावला की वकिलांचा कारकून योग्य नंबरावर शोध घेऊ शकतो.

दुसरी चांगली जागा म्हणजे तुमच्याच इमारतीचं घोषणापत्र. कोल्हापुरात बऱ्याच इमारती सोसायटी नसून महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायदा, १९७० खाली नोंदलेल्या असतात. त्यांचं घोषणापत्र, ज्याला सगळे डीड ऑफ डिक्लेरेशन म्हणतात, नोंदणीकृत असतं आणि त्यात मिळकतीचं वर्णन सविस्तर असतं. आमचं तिसऱ्या मजल्यावरच्या काकांच्या कपाटात होतं, एका साडीच्या बॉक्समध्ये, वर सुतळी बांधलेली. त्याच्या सातव्या पानावर जमीनमालकाचा दस्त क्रमांक, विकसन कराराची तारीख आणि वटमुखत्यारपत्राचा नंबर, तिन्ही एका परिच्छेदात लिहिलेले होते. काका म्हणाले, "आजवर कुणी मागितलंच नाही ओ." मी तिथंच उभ्या उभ्या फोटो काढले.

ऑनलाइन शोध स्वतः घ्या, पण त्याची हद्द ओळखून

नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चची विनामूल्य सेवा आहे. जिल्हा, तालुका, गाव आणि मिळकतीचा नंबर टाकून एकेका वर्षाच्या नोंदी दिसतात आणि सूची क्रमांक २, म्हणजे दस्ताचा गोषवारा, उघडता येते. मुंबईचं रेकॉर्ड त्यात १९८५ पासूनचं आहे, उरलेल्या महाराष्ट्राचं २००२ पासूनचं. त्याआधीचं सगळं हाताने लिहिलेल्या वह्यांत.

शोधताना नंबर एकदा रि.स.नं. म्हणून, एकदा सि.स.नं. म्हणून, एकदा नुसता मुख्य आकडा, एकदा पोटहिश्श्यासह असा फिरवून टाका. नोंद करणाऱ्याने ज्या रूपात टाकला असेल त्याच रूपात तो सापडतो. कॅप्चा पहिल्या वेळी बऱ्याचदा नाकारला जातो, चिकाटी लागते. रात्री दहानंतर साइट जरा बरी चालते असा माझा अनुभव. जे सापडेल त्याचा दस्त क्रमांक आणि साल लिहून ठेवा.

जुन्या वह्यांचा शोध कसा चालतो हे एकदा बघायला मिळालं तर बघाच. मी वकिलांच्या कारकुनाबरोबर गेले होते. वहीचं पान हाताएवढं रुंद, कडा तपकिरी झालेल्या, शाई कुठे निळी कुठे काळी. तो लाकडी पट्टी ओळीखाली धरून एकेक ओळ खाली सरकत होता. सूची दोनमध्ये मिळकतीवरून नोंदी, सूची एकमध्ये माणसांच्या नावावरून. एका वर्षाला त्याला पंचवीस-तीस मिनिटं लागली. असली आठ-दहा वर्षं बघायची, आणि तीही इतर दहा जणांच्या शोधासोबत. हे बघितल्यावर "एवढा वेळ का लागतो" हा माझा राग बराच निवळला. त्याच्या हातात नेमकं साल आणि दस्त क्रमांक दिला तर तीच नोंद दोन मिनिटांत निघते, हेही तिथंच समजलं.

नावाचंही लक्षात ठेवा. एका दस्तात 'बाबूराव', दुसऱ्यात 'बाबुराव', तिसऱ्यात नुसतं 'बाबू'. वहीत माणूस डोळ्यांनी ओळखून घेतो, संगणकाला ती तीन वेगळी माणसं. जमीनमालकाचं नाव जितक्या प्रकारे लिहिलं गेलंय तितके सगळे प्रकार वकिलांना लिहून द्या.

काही वेळा वहीच फाटलेली असते किंवा त्या सालची सूची उपलब्ध नसते. तेव्हा वकील अहवालात तसा शेरा मारतात आणि बँक अडते. अशा वेळी त्या काळातल्या दस्तांच्या प्रमाणित प्रती, विकणाऱ्यांचं प्रतिज्ञापत्र आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, या तिन्हींवर बँका बहुतेक वेळा पुढे सरकतात. नोटिशीत हरकतीसाठी सात, चौदा किंवा पंधरा दिवस दिलेले असतात. ही नोटीस शेवटी देण्याऐवजी पहिल्याच आठवड्यात द्यायला सांगा. शोध चालू असतानाच तिची मुदत संपून जाते आणि दोन आठवडे वाचतात.

फेडलेलं कर्ज कागदावर जिवंत असतं

वडिलांनी फ्लॅट घेताना एका सहकारी बँकेचं कर्ज काढलं होतं. त्या वेळी नोंदणीकृत गहाणखत झालं. २००८ साली कर्ज फिटलं, बँकेने मूळ कागद परत दिले, वडिलांनी पेढे वाटले. गहाणमुक्तीचा दस्त मात्र कुणी केला नाही. नोंदणीच्या वहीत गहाण तसंच उभं. पुढे ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली आणि आमची शाखाही हलली.

नव्या बँकेतल्या शाखाधिकारी बाई भल्या होत्या, पण त्यांच्या संगणकात एवढं जुनं खातं नव्हतं. अडकलेलं काम सुटलं ते वडिलांच्या पासबुकामुळे. शेवटच्या पानावर 'कर्ज खाते बंद' असा निळा शिक्का, त्यावर सही, आणि बाजूला वडिलांच्या बारीक अक्षरात कर्ज खात्याचा नंबर व शेवटच्या हप्त्याची तारीख. त्या नंबरावरून मुख्य कार्यालयातल्या जुन्या लेजरमधून उतारा निघाला, मग थकबाकी नसल्याचा दाखला आणि मग बँकेच्या अधिकाऱ्याने निबंधक कार्यालयात येऊन केलेला गहाणमुक्तीचा दस्त. यात सव्वा महिना गेला. आईला ते पासबुक दाखवलं तेव्हा ती कितीतरी वेळ त्या अक्षराकडे बघत बसली.

तुमचं गृहकर्ज फिटलेलं असेल तर आजच चार ठिकाणं तपासा. नोंदणीकृत गहाणखत असेल तर त्याची मुक्ती नोंदली का. सात-बारा किंवा मिळकत पत्रिकेवर बोजा चढवला होता का, आणि तो कमी झाला का. २०१३ नंतरचं कर्ज असेल तर मूळ कागद बँकेकडे ठेवल्याची नोटीस ऑफ इंटिमेशन निबंधकांकडे दाखल झालेली असते, तिचं पुढे काय केलं. आणि सरसाईच्या, म्हणजे बँकांकडच्या तारणांच्या, केंद्रीय नोंदवहीत बँकेने तारण मोकळं दाखवलंय का. शेवटचं काम बँकेनेच करायचं असतं. १ डिसेंबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर फिटलेल्या कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेचा स्पष्ट नियम आहे. पूर्ण परतफेडीनंतर तीस दिवसांत मूळ कागद परत द्यायचे आणि नोंदलेला बोजा काढायचा. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई कर्जदाराला. लेखी अर्जात या नियमाचा उल्लेख करा, काम हलतं.

पतसंस्था अवसायनात गेली, म्हणजे गुंडाळायला काढली असेल तर घाबरू नका. दाखला अवसायक देतात. त्यांचं नाव सहकार खात्याच्या उपनिबंधक कार्यालयात कळतं. वेळ मात्र जास्त धरा.

वारस

वडील किंवा आई गेल्यावर घरफाळ्याच्या बिलावर नाव बदललं म्हणजे मालकी बदलली, असं पुष्कळ जण धरून चालतात. घरफाळा ही कराची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. अपार्टमेंटच्या वा सोसायटीच्या दप्तरी आणि मिळकत पत्रिकेवर किंवा सात-बारावर नाव असेल तिथे वारस नोंद हवी. फेरफाराच्या नोटिशीला पंधरा दिवस जातात, ते टळत नाहीत. फेरफार कुठे अडलाय ते 'आपली चावडी'वर घरबसल्या दिसतं. काही बँका न्यायालयाचं वारस प्रमाणपत्र मागतात आणि त्याला महिने लागू शकतात. म्हणून घेणाऱ्याची बँक कुठली हे कळल्याच्या दिवशीच विचारून घ्या, प्रतिज्ञापत्र आणि सगळ्या वारसांच्या सह्या चालतील का. आमचं तेवढ्यावर भागलं. भाऊ सहीला स्वतः आला. तो येऊ शकला नसता तर वटमुखत्यारपत्र आधी करून ठेवावं लागलं असतं.

बाकीच्या अडचणी, थोडक्यात

मिळकत पत्रिकेवर सत्ता प्रकाराचा रकाना बघा. तिथे 'ब' असेल तर वकील जिल्हाधिकारी कार्यालयाच्या परवानगीबद्दल विचारणारच. सात-बारावर भोगवटादार वर्ग-२ असेल तरी तेच. इनाम, वतन किंवा देवस्थानची जमीन असल्याचा उल्लेख जुन्या फेरफारात असेल तर स्वतःचा वकील गाठा. हे प्रकरण आठवड्यांचं नाही, आणि गिऱ्हाइकालाही ते आधीच सांगितलेलं बरं.

नागाळा पार्क, शाहूपुरी, रमणमळा अशा भागात बँकेचा मूल्यांकनकर्ता पूररेषा विचारतो. इमारत निळ्या रेषेच्या आत की बाहेर, हे महापालिकेच्या नगररचना विभागाकडच्या नकाशावरून कळतं. झोन दाखला सोबतच काढा.

माझ्या मावशीचे मूळ कागद ऑगस्ट २०१९ च्या पुरात भिजले. शाहूपुरीत तळमजल्यावरचं लोखंडी कपाट, तीन दिवस पाण्यात. पानं एकमेकांना चिकटून वीट झाली होती. ती वीट तिने जपून ठेवली आणि तेच बरं झालं. पहिल्या पानावरचा नोंदणीचा शिक्का आणि दस्त क्रमांक पुसट का होईना वाचता येत होता, त्यावरून निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत मिळाली. भिजलेले कागद टाकून देऊ नका. कागद हरवलेच असतील तर पोलिसांत गहाळ झाल्याची नोंद आणि जाहीर नोटीस, या क्रमाने जा.

नक्कल किंवा शोध सरकारी कार्यालयातच अडला असेल तर अर्जाची पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित सेवांना मुदत ठरलेली आहे. ती उलटली तर पहिलं अपील त्याच विभागातल्या वरिष्ठांकडे करता येतं. पोच नसेल तर मुदत कधी सुरू झाली हेच दाखवता येत नाही.

संचकारपत्रात मुदत कशी लिहायची

पहिल्या वेळी आमच्या कागदावर 'साठ दिवसांत खरेदीपत्र' एवढंच होतं. दिवस कधीपासून मोजायचे, शोध लांबला तर काय, काहीच नाही. त्यामुळे साठाव्या दिवशी दोन्ही बाजूंना आपणच फसलो असं वाटायला लागलं, आणि माणसं वाईट नसतानाही बोलणं तुटलं. दुसऱ्या वेळी आम्ही तीन गोष्टी लिहिल्या. विकणाऱ्याने यादीप्रमाणे कागद दिल्याच्या तारखेपासून मुदत सुरू. वकिलांनी त्रुटी लेखी कळवायची आणि ती पुरी करायला लागलेले दिवस मुदतीत वाढवायचे. त्यानंतरही अहवाल आला नाही तर संचकार किती दिवसांत परत, हेही. घेणारे शिक्षक दांपत्य होतं, भाड्याच्या घरात राहणारं. त्यांना नेमका कुठला कागद बाकी आहे हे दर शनिवारी मी फोन करून सांगत असे. ते थांबले ते त्यामुळेच, असं त्यांनी नंतर सांगितलं.

फ्लॅट अजून विकायला काढला नसेल तर गिऱ्हाईक यायच्या आधी स्वतःच्या वकिलाकडून एकदा शोध करून घ्या. बँक आपल्या पॅनेलवरच्या वकिलाकडून पुन्हा करवून घेईलच, तो खर्च टळणार नाही. पण तुमच्या शोधातून दुवे आधीच हाती आलेले असले की त्यांना माहीत झालेल्या वाटेनेच जायचं असतं.

मी शेवटी एका फुलस्केप कागदावर तक्ता केला. साल, दस्ताचा प्रकार, दस्त क्रमांक, दस्तातला नंबर, आजचा सि.स.नं. आणि वॉर्ड, आणि प्रत कुठे आहे. पहिली ओळ विकसन कराराची, मग वटमुखत्यारपत्र, घोषणापत्र, वडिलांचं खरेदीपत्र, गहाणखत, गहाणमुक्ती, वारस नोंद. तो कागद फाइलला सगळ्यात वर लावून दिला. अहवाल अकराव्या दिवशी आला. खरेदीपत्र झालं त्या दिवशी निबंधक कार्यालयाच्या बाकावर बसून मी त्याच तक्त्यात खाली आणखी एक ओळ लिहिली, घेणाऱ्यांच्या दस्ताचा नंबर घातला आणि तो कागद किल्ल्यांबरोबर घेणाऱ्या शिक्षिका बाईंच्या हातात दिला.